सालोमीचा पहिला पर्याय

सालोमी डाबरेला शिवणकामाच्या वर्गात मी ढकललं. तिच्या आईनं नाही, शाळेनं नाही, नशिबानं तर मुळीच नाही. मी. वसईत पारनाक्याजवळ माझ्या कृष्णामामाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं दोन टेबलं आहेत. एकावर मामा बसतो आणि पैसे घेतो. दुसऱ्यावर मी बसतो आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. माझं नाव संकेत, शिक्षण लांज्याला बारावीपर्यंत. म्हणजे दुसऱ्याचं भविष्य भरायला अगदी पुरेसं.

दहावीचा निकाल लागला होता. दुकानाबाहेर चपला मावत नव्हत्या एवढी गर्दी. सालोमी आली आणि वहीच्या पानाची चिठ्ठी पुढे केली. आयटीआयचा फॉर्म होता. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: १. इलेक्ट्रिशियन, २. वायरमन, ३. शिवणकाम.

"इलेक्ट्रिशियन?" मी म्हणालो. "शॉक बसला म्हणजे?"

"बसला तर मला बसेल, दादा. तुम्ही टाइप करा."

मागची पोरं हसली. मीही हसलो. तिला एकसष्ट टक्के होते. मी मनात हिशोब केला. इलेक्ट्रिशियनला मुलांची झुंबड असते, तिथं हिचा नंबर लागायचा नाही. वायरमनचंही तेच. मुलगी आहे, कुणीतरी चिडवलं असेल म्हणून इरेला पेटून लिहून आणलंय. खरं मनातलं तिसऱ्या नंबरवर आहे, लाजून खाली ढकललंय. बिचारी. तर मी शिवणकाम उचललं आणि पहिल्या नंबरवर ठेवलं.

आमच्या धंद्यात याला 'सुधारून देणं' म्हणतात. आम्ही गिऱ्हाइकाचा फोटो उजळ करतो, पत्त्यातली चूक काढतो, वडिलांच्या नावातला सुटलेला काना देतो. आणि याचे वेगळे पैसे घेत नाही.

"ओटीपी सांग," मी म्हणालो. तिनं सांगितला. अर्ज पक्का झाला. पसंतीक्रम पावतीच्या दुसऱ्या पानावर छापून येतो, पण मागितल्याशिवाय दुसरं पान छापायचं नाही असा मामाचा नियम. कागद वाचतो. तिला पहिलं पान दिलं, ती घडी घालून घेऊन गेली.

या प्रवेशाचा एक नियम आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर मधल्या सगळ्या फेऱ्यांतून तुम्ही बाद. मग अगदी शेवटी, उरल्यासुरल्या जागांसाठी समोरासमोर बोलावून एक फेरी होते, तिथं जाऊन उभं राहायचं. मला हा नियम तोंडपाठ होता. त्याच्याच जोरावर तर मी हुशारी केली होती: पहिल्या फटक्यात सीट!

आणि मिळाली की. पहिल्या फेरीत, पहिला पर्याय, 'अभिनंदन' लिहिलेला मेसेज.

त्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा ओरडली वगैरे नाही. फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या पावतीचं दुसरं पान छापा. पैसे देते."

मी छापलं. तिनं वाचलं. मामा आपल्या टेबलावरून म्हणाला, "अगं, सर्व्हरचा घोळ असतो बाळा. लोड येतो ना, मग वरचं खाली, खालचं वर होतं."

"सर्व्हरला कसं कळलं मी मुलगी आहे ते?" सालोमी म्हणाली.

मामाला एकदम चहा आणायची आठवण झाली. तो गेल्यावर मी म्हणालो, "मी केलं."

"चिठ्ठी वाचता येत नव्हती?"

"येत होती."

"मग?"

मी म्हणालो, "मला वाटलं तुझं भलं होईल." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतरचा महिना मी तिच्या मागे मागे फिरलो. तिनं बोलावलं म्हणून नाही. अपराधी माणसाला घरी बसवत नाही म्हणून. त्या फिरण्यात जे कळलं ते सांगतो, कारण सालोमीची गोष्ट माझ्या टेबलावर सुरू झालेली नाही.

भुईगावात तिच्या वडिलांची, फ्रेडरिक अंकलची, वाडी आहे. केळी, मोगरा, मांडवावर दुधी-पडवळ. सगळं विहिरीच्या पाण्यावर आणि विहीर मोटरीवर. सालोमी सहावीत असताना मे महिन्यात मोटर जळाली. लग्नसराई, मोगऱ्याला भाव, आणि पाणी बंद. फ्रेडरिक अंकलनी मोटर स्कूटरच्या फळीवर ठेवली, सालोमीला मागं बसवलं आणि गिरीजला ॲन्सेल्म अंकलकडे नेली. ॲन्सेल्म अंकल म्हणजे मोटरी पुन्हा गुंडाळून देणारे, वाइंडर. म्हणाले, चार दिवस लागतील. फ्रेडरिक अंकल डोक्याला हात लावून परत फिरले. सालोमी परत फिरली नाही.

ती दिवसभर तिथं बसली. ॲन्सेल्म अंकलनी मोटर खोलली, छिन्नीनं जळकी तार कापून काढली, तसा सगळ्या दुकानात करपट वास सुटला. सालोमी वाकून पाहत म्हणाली, "आत नुसतं तांबंच गुंडाळलंय की!"

"नुसतं?" ॲन्सेल्म अंकल म्हणाले. "मग मोज वेढे. एक चुकला तरी मोटर तुझ्या बापाच्या वाडीत धूर काढेल."

तिनं मोजले. बहात्तर. अंकलनी मोजले. बहात्तर. त्यांनी तिला नवी तार धरायला दिली.

तेव्हापासून आसपासच्या वाड्यांमधली कुठलीही मोटर जळाली की सालोमी हजर. आवाज ऐकून सांगायची, "ही कपॅसिटरनं थांबलीय, खोलू नका." तिची बोटं बारीक, मोटरीच्या खाचेत सरळ जातात. ॲन्सेल्म अंकलची बोटं आता थरथरतात, त्यांना ते कबूल करायचं नसतं, म्हणून ते म्हणायचे, "मी चहा पितो, तोवर तेवढं कॉइल बसव." त्यांचे चहा वाढत गेले.

म्हणजे या मुलीला वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत होतं तिला काय करायचंय. आता मला सांगा, हे किती जणांना माहीत असतं? मला तेविसाव्या वर्षी माहीत नाही. मामाला पन्नासाव्या वर्षी नाही.

आणि आपण काय करतो? एप्रिलमध्ये गावच्या हॉलमध्ये करिअर मार्गदर्शन शिबिर होतं. मी दुकानाची पत्रकं वाटायला गेलो होतो. मुंबईहून आलेले कोट घातलेले वक्ते माइक हातात घेऊन म्हणाले, "मोठी स्वप्नं पाहा! घाबरू नका! बोला, कुणाला काय व्हायचंय?" एक म्हणाला पायलट. टाळ्या. एक म्हणाली कलेक्टर. टाळ्या. एका पोरानं यूट्यूबर सांगितलं, त्यालासुद्धा टाळ्या. माइक सालोमीपुढे आला. ती म्हणाली, "मोटर वाइंडिंग."

हॉल खदखदून हसला. वक्ते समजूतदार. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "म्हणजे हिला म्हणायचंय, इलेक्ट्रिकल इंजिनिअर! वा! टाळ्या!"

"नाही सर, वाइंडिंग," सालोमी म्हणाली, पण माइक पुढं गेला होता.

हसणाऱ्यांत मी होतो. ते इथं लिहून ठेवतो, नाहीतर मी एकटाच धुतल्या तांदळाचा दिसायचो.

पण मला आता संताप येतो तो याचा. पोरांना स्टेजवर बोलावून विचारायचं, काय व्हायचंय, आणि त्यांनी सांगितलं की ते सुधारून घ्यायचं. वक्त्यानं वरच्या बाजूला सुधारलं, मी खालच्या बाजूला. दोघांनीही तिचं ऐकलं नाही. त्या दिवशी जी माणसं हसली त्यांची मोटर जळू दे एकदा. केळीची पानं लोंबायला लागली की हीच माणसं ॲन्सेल्म अंकलना दिवसातून सहा फोन करतात, 'देवासारखे धावून या' म्हणतात. वाइंडर देवासारखा, फक्त आपल्या घरात जन्मायला नको. आणि मुलगी तर नकोच नको.

असो. चूक निस्तरायला मी तिच्याबरोबर आयटीआयत गेलो. प्रवेशाच्या टेबलावरचे सर गोड बोलणारे होते. अशा लोकांशी भांडणं फार अवघड.

"फॉर्म कुणी पक्का केला?" त्यांनी विचारलं.

"सर, मी भरला," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"तू कोण?"

"दुकान."

"ओटीपी कुणाच्या मोबाइलवर आला? हिच्या. म्हणजे फॉर्म हिनंच पक्का केला. दुकान असा कुणी अर्जदार नसतो, राजा." मग सालोमीकडे वळून म्हणाले, "आणि बेटा, शिवणमध्ये वाईट काय आहे? स्वच्छ वर्ग, पंख्याखाली बसायचं. मुलींना उत्तम."

"वाईट काही नाही सर," सालोमी म्हणाली. "माझी आई शिवते. चांगलंच शिवते. मला नाही शिवायचं."

"आवड काय, करता करता लागते."

"मग त्या मुलांना लावा ना शिवणची. करता करता लागेल."

सरांनी हसून पुढच्या माणसाला बोलावलं. शिवणकामावर माझा राग नाही, कुणी गैरसमज करून घेऊ नका. त्याच रांगेत एक मुलगी दुसऱ्या फेरीची वाट बघत होती, तिला शिवणच हवं होतं. तिची जागा माझ्या कृपेनं सालोमीच्या नावावर अडकली होती. एका सुधारणेत मी दोन पोरींची सोय लावली होती.

प्रवेश घ्यायला पाच दिवस होते. भुईगावला घरी काय झालं ते मी अंगणात उभा राहून ऐकलं. सालोमीनं सांगितलं, "कॉम्प्युटरची चूक झाली."

फ्रेडरिक अंकलनी कॉम्प्युटरचा यथेच्छ उद्धार केला. तिची आई, मर्लिन आंटी, मशीनवरून उठून आली. "चूक की देवाची इच्छा? अगं, शिवण मिळालंय तर घे. तिसऱ्या नंबरवर मीच लिहायला लावलं होतं ना तुला? नाहीतर नर्सिंगचं बघ, माझ्या बहिणीची मुलगी कॅनडात आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, बाय."

"मी घेणार नाही, आई."

"मग वर्षभर करणार काय?"

"शेवटच्या फेरीला उभी राहीन."

"आणि तिथंही नाही मिळालं तर?"

फ्रेडरिक अंकल केळीच्या खुंटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "खरंच जमणार असतं, तर अशी अडचण आली नसती."

वाटेवर मी तिला विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुला तुझ्यासाठी नाही वाचवलं." अहो-जाहो दुसरं पान छापलं त्या दिवशीच संपलं. "पप्पांना कळलं ना, तर ते काय म्हणतील माहितीये? म्हणतील, बघ, बाहेरच्या माणसालासुद्धा एका नजरेत दिसलं तुला काय झेपेल ते. तुझी चूक माझ्या विरुद्ध पुरावा होईल. कॉम्प्युटरला निदान डोळे नसतात."



पाचवा दिवस गेला. तिनं सीट सोडली. वर्गातल्या मैत्रिणी कॉलेजला जायला लागल्या, नवीन बॅगा, नवीन ग्रुप. ही रोज सायकलनं गिरीजला. लोक थांबवून विचारायचे, "काय गं, कुठं घेतलं ॲडमिशन?" ती म्हणायची, "अजून बघतेय." आणि लोक 'अरेरे' असं तोंड करायचे, जणू कुणी आजारी आहे.

मी ॲन्सेल्म अंकलशी भांडायला गेलो. म्हटलं, "एवढं काम येतं तिला, तुम्हीच ठेवा ना दुकानात. कशाला हवाय आयटीआय?"

ते तार ओढत होते. थांबले नाहीत. "चाळीस वर्षं करतोय मी. अख्ख्या गावाच्या मोटरी माझ्या हातून गेल्यात. पण नवीन मीटर लावायचा, कनेक्शन द्यायचं, तर कागदावर सही दुसऱ्याची लागते. काम माझं, सही त्याची. कारण माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. त्या पोरीला मी मागच्या दारानं आणू? कागद घेऊन ये म्हणावं, दुकान तिला देऊन टाकतो." मग डोळे बारीक करून म्हणाले, "तूच ना तो, फॉर्मवाला?"

"हो."

"ती म्हणाली मला. बस. ही तार धर. ताणून धर, मंद आहेस का?"

त्यांच्याकडे मी तीन तास तार धरून उभा होतो. माझ्या हाताला फोड आले. सालोमी कॉइल बसवत होती, मध्येच म्हणाली, "अंकल, याला शिवणला पाठवा. नाजूक आहे."

त्याच आठवड्यात मी दुकानात बसून पहिल्या फेरीच्या याद्या काढल्या. काढायला नको होत्या. त्याच आयटीआयत इलेक्ट्रिशियनची शेवटची जागा अठ्ठावन्न टक्क्यांना गेली होती. हिला एकसष्ट. चिठ्ठीत लिहिलेलं जसंच्या तसं टाइप केलं असतं, तर कुठलीही अडचण नव्हती. तिचं गणित बरोबर होतं. ती सगळी चौकशी करून आली होती. मी तीस सेकंदांत अंदाज केला होता आणि तो अंदाज टक्क्यांचा नव्हताच, वेणीचा होता.

मी तिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "माहितीये. त्याच दिवशी बघितलं मी."

शेवटची फेरी ऑगस्टमध्ये झाली. हॉलमध्ये फळा, फळ्यावर उरलेल्या जागा खडूनं लिहिलेल्या. इलेक्ट्रिशियन दोन, वायरमन एक, शिवणकाम तीन, आणि असंच आणखी. टक्क्यांप्रमाणे नाव पुकारायचे, मुलगा पुढं जाऊन सांगायचा, सर फळ्यावरचा आकडा पुसायचे. मधल्या फेऱ्यांमधून गळालेले बरेच होते. सालोमीच्या पुढे अकरा नावं. फ्रेडरिक अंकल आले होते, मागच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यांच्या शेजारी. ते फळ्याकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघत होते.

चौथ्या नावाला इलेक्ट्रिशियनची एक जागा गेली. सातव्याला दुसरी. तो सातवा मुलगा वडिलांकडे वळून हळूच म्हणाला होता, "बाबा, मला बेकरीचं करायचंय," आणि बाबा म्हणाले होते, "गप. पाव भाजणार का आयुष्यभर?" आणि सरांनी आकडा पुसला. मला वाटलं उठावं आणि त्या बाबांना धरून गदागदा हलवावं. पण मी कोण हलवणारा.

वायरमन, एक. आठवा गेला फिटरला. नववा हजर नव्हता. दहावा फळ्यासमोर इतका वेळ उभा राहिला की फ्रेडरिक अंकलनी माझा दंड धरला. दहावा म्हणाला, "प्लंबर." अकरावा आला. "काय घेऊ सर?" त्यानं सरांनाच विचारलं. सर म्हणाले, "वायरमन आहे, वेल्डर आहे."

"वेल्डरला काय मिळतं?"

"तुझ्यावर आहे बाबा."

"वेल्डर," तो म्हणाला.

"सालोमी फ्रेडरिक डाबरे!"

ती टेबलाजवळ पोचायच्या आधीच बोलली, "वायरमन."

प्रवेशाच्या टेबलावरचे तेच सर, त्यांनी ओळखलं. "तूच ना ती? अगं, शिवणच्या अजून जागा आहेत. वायरमनला खांबावर चढावं लागतं, विचार कर."

"आमच्या वाडीतले नारळ कोण उतरवतं, सर?"

"कोण?"

"विचारा मागं, पप्पांना."

सरांनी मागे पाहिलं. सगळ्या हॉलनं पाहिलं. फ्रेडरिक अंकल उभे राहिले, घसा साफ केला. मला वाटलं आता हा माणूस म्हणणार, शिवणच द्या. ते म्हणाले, "हीच उतरवते. आणि मोटर पन हीच लावते. लिहा, सर. वायरमन लिहा."

त्यांच्या तोंडून घाईत घरचं 'पन' निघालं, मागची पोरं फिदीफिदी हसली. अंकलनी वळूनसुद्धा बघितलं नाही. सरांनी फळ्यावरचा एक पुसला.

लोक म्हणतात, झालं ना शेवटी, मग कशाला चिडतोस. म्हणून सांगतो कशाला. तिला इलेक्ट्रिशियन हवं होतं, हक्काचं होतं, आणि मिळालं वायरमन, तेही सकाळची पाळी भरल्यामुळे दुपारच्या पाळीत. वाडीतलं काम उरकून ती धावत जाते. महिनाभर 'अरेरे' ऐकावं लागलं ते वेगळं. हे सगळं तिनं कमावलेलं परत मिळवायला. याला यश म्हणायचं तर चोरानं अर्धं पाकीट परत केलं की त्यालाही दानशूर म्हणा.

मागच्या महिन्यात एक दिवस मी दुकान उघडलं तर दारात फ्रेडरिक अंकल स्कूटर लावून उभे. फळीवर राजेळी केळ्यांचा अख्खा घड.

"हे तुला," ते म्हणाले. "आमच्या पोरीमागं एवढा फिरलास. त्या कॉम्प्युटरनं वाट लावली होती, पण तू सोडलं नाहीस. हल्ली कोण करतं परक्यासाठी?"

मी तोंड उघडलं. आतून मामा म्हणाला, "अहो, आमचा संकेत म्हणजे असाच!" आणि घड उचलून आत नेला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, अंकलनी स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी मी सालोमीला फोन केला.

"आता सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. "आता मला फरक पडत नाही. पण मी नाही सांगणार. तू सांगायचं, त्यांच्यासमोर उभं राहून. कॉम्प्युटरला उगाच शिव्या बसतायत."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी मामाला बरं नव्हतं. केळी फार गोड होती, संपली. भुईगावला जायचं अजून राहिलंय.